कोरडं लुगडं

नांदरवाडात नवी नाव पारखायची ती सुताराच्या बायकोच्या लुगड्यावरून. ऐकायला ओंगळ वाटेल, पण गावाची रीत होती ती, आणि रीत मोडायची म्हटलं की तिथल्या शहाण्यासुरत्या माणसांचीही वाचा बसायची.

गाव कृष्णेच्या काठावर, शिरोळच्या अंगाला. निम्मी शेती नदीच्या अल्याड, निम्मी पल्याड. त्यामुळं माणूस, बैल, वैरण, ऊस, नवरी, सगळं नावेतनं जायचं. तीन-चार वर्षांनी जुनी नाव कुजली की नवी लागायची आणि ती आकाराम सुतारानं करायची. पहिल्या खेपेला नावेत माल चढवायचा नाही, माणसं घ्यायची नाहीत. दोन नावाडी आणि सुताराची बायको, बस्स. गावानं दिलेलं कोरं, हळदीत बुडवून वाळवलेलं लुगडं तिनं नेसायचं आणि नावेच्या तळावर फतकल मारून बसायचं. खाली पाट नाही, पोतं नाही. नाव पल्याड जाऊन परत आली की काठावरच्या बायका तिला पाठमोरी उभी करायच्या आणि लुगडं चाचपायच्या. हळदीच्या कापडावर थेंबभर पाणी पडलं तरी काळपट डाग उठतो. लुगडं कोरडं निघालं की सुताराला फेटा. ओलं निघालं की त्यानं लाकूड तासायचं आपलंच वाकस घ्यायचं, आपल्याच हातानं नाव फोडायची, आणि पुढची नाव परगावचा सुतार करणार.

आकारामची बायको बाळाबाई. सोळाव्या वर्षी ती पहिल्यांदा नावेत बसली. ती धरून एकूण सहा नावा झाल्या आणि सहाही वेळा लुगडं कोरडं निघालं. गावात तिला जो काही मान होता तो एवढ्यावर. लग्नघरी नवरीला पहिली हळद तिच्या हातची लागायची. पाटलाची आई रत्नाबाईसुद्धा तिला बघितलं की म्हणायची, "ये गं कोरडे, बैस." सुताराच्या बाईला पाटलाच्या सोप्यात बसायला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. बाळाबाईजवळ एवढीच एक मिळकत होती आणि ती तिनं जिवापाड जपली होती.

आणि खरी गंमत ऐका. ते लुगडं कोरडं राहायचं ते तिच्याच बोटांमुळं.

आकारामच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती, हे कबूल. उभी बाभळ बघून तिच्या कुठल्या वाकड्या फांदीतनं नावेची फासळी निघेल हे तो लांबूनच सांगायचा. पण फळीला फळी कितीही भिडवा, मधे फट राहतेच. ती फट बुजवायचं काम बाळाबाईचं. अंबाडी भिजवायची, बडवायची, तिचा वाख काढायचा, तो मांडीवर वळून दोरी करायची, करडईच्या तेलात मुरवायची. मग ती दोरी फटीत घालून बोथट पटाशी आणि लाकडी मोगरीनं ठासायची. कमी ठासली तर पाणी येणार. जास्त ठासली तर लाकूड फुगल्यावर फळी उचकटणार. किती ठासायची हे फक्त बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. वरनं कढत राळ ओतायची. मग आठ दिवस काठावरच नाव पाण्यानं भरून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून सगळं एकजीव होतं. आकाराम ह्याला बायकांचं काम म्हणायचा. फेटा मात्र घरात एकच यायचा आणि तो त्याच्या डोक्यावर बसायचा.

बाळाबाईला सात बाळंतपणं झाली. दोन पोरी जगल्या, त्या लग्न होऊन गेल्या. सातव्या खेपेला सुईणीनं पोर ओढून काढलं, ते मेलेलंच निघालं, आणि तेव्हापासून बाळाबाईला लघवी धरवेना. खोकला आला, शिंक आली, की लुगडं ओलं. सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं, तर तो दुखण्याला नखरा म्हणणारा. तिनं कुणालाच सांगितलं नाही. लुगड्याखाली फडकी बांधायची, दिवसातनं तीनदा नदीवर जायची, आणि लोक म्हणायचे बाळाबाई फार सोवळी.

कोल्हापूरचं संस्थान मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी सातवी नाव झाली. आदल्या संध्याकाळपासून बाळाबाईनं पाण्याचा घोट घेतला नाही. रीत अशी, की पिवळ्या लुगड्याच्या आत दुसरं कापड चालत नाही. फडकी काढून ठेवावी लागली. तरी तिला वाटलं, अर्ध्या घटकेचं तर काम, दात आवळून बसलं की झालं. पण भूपाल पाटील कचेरीच्या कामानं कोल्हापूरला गेलता तो वेळेवर परतला नाही. बाई नावेत बसलेली, नाव काठाला बांधलेली, आणि पाटलाची वाट बघत अख्खं गाव उभं. पाटील आला, नारळ फुटला, आणि कुणा भक्तानं नावेच्या तळाशी निखाऱ्यावर मूठभर ऊद टाकला. धूर तळालाच कोंडला. ऐन मधल्या धारेत बाळाबाईला खोकला आला. एकच आला, पण पुरेसा होता.

काठावर रत्नाबाईनं तिला पाठमोरी केली आणि म्हणाली, "वलं हाय."

आकारामनं नावेत उडी टाकली, तळावर हात फिरवला, फळी न फळी चाचपली. "पाटील, नाव कोरडी हाय! आईशप्पत कोरडी हाय!"

"मग लुगडं काय आभाळातनं भिजलं?" पाटील म्हणाला. "वाकस घे, आकाराम."

आता काय करावं बाळाबाईनं, सांगा. गप्प बसली तर अब्रू नवऱ्याची जाणार, तिची नाही. पण ती नाव! चार महिने एकेका फटीत तिनं बोटं घातली होती. त्यात कुठं थेंब शिरत नव्हता हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आकारामनं वाकस उचललं तेव्हा ती बोलून गेली.

"थांबा. नाव कोरडी हाय. मीच वलं केलं. मला धरवत न्हाय."

क्षणभर कुणाच्या काही ध्यानात येईना. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग काय, सगळा काठ हसला. बापये हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, नावाडी वल्ह्यावर वाकून हसले. रत्नाबाईनं सगळ्यांदेखत वाकून त्या लुगड्याचा वास घेतला आणि मान हलवली. खरं बोलतीय म्हणाली. नाव पास झाली. आकारामच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला, आणि तो बांधला जात असताना बाळाबाई ओलं लुगडं मुठीत धरून तिथंच उभी होती. कुणी साधा टॉवेलसुद्धा तिच्या अंगावर टाकला नाही.

घरी आल्यावर आकाराम एवढंच म्हणाला, "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस." फेटा खुंटीला अडकवला आणि जेवायला बसला. ज्या बाईनं अब्रू विकून त्याची नाव वाचवली, तिला हे बक्षीस!

त्या दिवसापासून कोरडी बाळाबाई गेली आणि 'मुतरी बाळा' आली. पाणवठ्यावर बायका घागर लांब धरायच्या. पोरं मागनं ओरडायची, "बाळाबाई, पाऊस आला काय?" लग्नघरची हळद दुसऱ्या बायकांकडं गेली. रत्नाबाईच्या सोप्यात बसायला कुणी सांगेना. वीस-बावीस वर्षांची मिळकत एका खोकल्यात गेली.

पुढच्याच वर्षी आकारामनं दुसरी बायको केली. दुसऱ्या बायकोच्या विरोधात कायदा आला होता म्हणतात, पण नांदरवाडात यायला त्याला नाव मिळाली नसावी. पोरगी सीमेकडची, अठराची, नाव शालू. निम्मं कानडी बोलायची. आकारामनं तिला उंबऱ्यावरच सांगितलं, "हिला नावेत बसायला आणली हाय," आणि हे सांगताना बघितलं मात्र बाळाबाईकडं.

शालू बाळाबाईला अक्का म्हणायची. बाळाबाई तिला काहीच म्हणायची नाही. शिळी भाकरी शालूच्या ताटात, फाटकी वाकळ शालूच्या अंगावर. वाख ठासायचं काम तिला शिकवायचं होतं, नवऱ्याचा हुकूम होता, तर शिकवताना चुकलं की मोगरीचा दांडा बोटांच्या पेरांवर बसायचा. एकदा कढत राळेचं भांडं तिच्या हातात दिलं, धरायला फडकं न देता. पोरीच्या तळव्याला फोड आले. ती रडली नाही, "अक्का, आता कुठं वतू?" एवढंच म्हणाली. वाईट वागली बाळाबाई, त्यात झाकायचं काय? पण तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. जे शिकायला तिला पाच वर्षं लागली ते ह्या पोरीच्या बोटांनी एका वर्षात उचललं होतं.

बावन्न साली आठवी नाव झाली. दत्तजयंतीला दत्ताच्या वाडीला जाणाऱ्या माणसांना तीच नेणार असं ठरलं. आठ दिवस पाण्यानं भरून नाव फुगवली, मग रिकामी केली. पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी भर दुपारी आकाराम पाटलाकडं गेला. काठावर चिटपाखरू नव्हतं. बाळाबाई नावेत उतरली. जिथं बाई बसते तिथं बसली. सात वेळा बसलेली जागा ती, तिला शोधावी लागली नाही. बसल्या बसल्या तिनं तिथल्या फटीतली वीतभर वाखाची दोरी टोच्यानं उकलून ओढून काढली आणि वरनं राळेचा पातळ हात फिरवला. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

तिला नाव बुडवायची नव्हती. वीतभर फटीनं रिकामी नाव बुडत नाही. तिला फक्त ते पिवळं लुगडं ओलं झालेलं बघायचं होतं, तरण्या पोरीच्या अंगावर. आणि आकारामनं वाकस घेऊन आपल्या हातानं नाव फोडलेली बघायची होती. शालू आल्यापासून ती हेच बघत झोपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालू बसली. नाव गेली, नाव आली. म्हातारी झालेली रत्नाबाई पुढं झाली, शालूला फिरवली, हात लावला आणि म्हणाली, "वलं."

गर्दीत सगळ्यात मागं उभ्या असलेल्या बाळाबाईच्या काळजाला गार वाटलं. खोटं कशाला सांगा, गार वाटलं तिला.

"आकाराम," पाटील म्हणाला, "घे वाकस."

तेवढ्यात शालू वळली. मान खाली नाही, काही नाही. मोठ्यांदा म्हणाली, "नाव कोरडी हाय. मीच वलं केलं. मला बी धरवत न्हाय."

शब्द न शब्द तेच. काठ दुसऱ्यांदा हसला, पहिल्यापेक्षा जोरात हसला. "आकारामच्या विहिरीचंच पाणी वंगाळ हाय की रं!" कुणीतरी ओरडलं. रत्नाबाई वास घ्यायला वाकत होती, पण वाडीला जाणारी माणसं कधीची खोळंबली होती. पाटील म्हणाला, "पुरे आई, किती वास घेशील? पालखीला उशीर व्हतोय." झालं. आकारामच्या डोक्यावर फेटा चढला. नावेत माणसं चढली, चाळीस तरी असतील, लेकरंबाळं, टोपल्या, फुलं. शकुनाची म्हणून शालूलाही परत तिच्याच जागेवर बसवली.

रिकाम्या नावेला झिरपणारी फट चाळीस माणसांच्या वजनाखाली काय करेल, हे बाळाबाईइतकं कुणाला कळणार? ती माणसं ढकलत पुढं धावली. "उतरा! उतरा सगळी! फट उघडी हाय! मी काढलाय वाख! माझ्या हातानं काढलाय!"

आणि लोक हसले. काय करायचं ह्या लोकांना! "सवत लागली बोलायला," एक बाई म्हणाली. "फेटा बघवंना तिला," दुसरी म्हणाली. मागं तिनं खरं सांगितलं तेव्हा ज्यांनी विश्वास ठेवून थट्टा केली, त्यांनी आता तिनं खरं सांगितलं तर विश्वास न ठेवता थट्टा केली. गावाला खऱ्याखोट्याशी देणंघेणं नव्हतंच, हसायला कारण हवं होतं.

एकटा आकाराम हसला नाही. तो नावेत चढला, माणसांच्या पायांतनं वाकून त्यानं शालूच्या बाजूला हात घातला. बोटांना पाणी लागलं. त्यानं वर बघितलं, थेट बाळाबाईकडं. आता त्याच्यापुढं दोन वाटा होत्या. माणसं उतरव आणि नाव फोड, नाहीतर गप्प बस. त्यानं घाम पुसल्यासारखं करून डोक्यावरचा फेटा उतरवला, त्याचं टोक टाचेनं त्या फटीत ठासलं, उरलेला फेटा वर पसरून त्यावर मांडी घातली आणि नावाड्याला म्हणाला, "सोड नाव."

चाळीस जीव धारेवर, आणि हा आपल्या फेट्यावर बसलेला! नाव पोचली. परतही आली. दत्ताची कृपा म्हणा, नाहीतर फेट्याचं कापड चांगलं होतं म्हणा.

दुपारी तो घरी आला. मोगरी घेतली, सोप्यातला लाकडाचा ठोकळा पुढं ओढला आणि बाळाबाईला म्हणाला, "उजवा हात ठेव हितं." तिनं ठेवला नाही तेव्हा त्यानं मनगट धरून ठेवला. चार बोटं, चार घाव. शालू मधे पडली, एक घाव तिच्या खांद्यावर बसला. दाराशी शेजारीपाजारी जमले होते. नवरा-बायकोचं प्रकरण म्हणून उंबरा कुणी ओलांडला नाही. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण बोटं जुळली ती वाकडीच. पुढं त्या हातानं सुईसुद्धा धरता आली नाही तिला.

शालू तिला दुधात भाकरी कुस्करून भरवायची. चार दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी घास पुढं करत शालू म्हणाली, "मी बघितलतं अक्का. भाकरी घेऊन आलते तवा. तुमी वाख वडत हुतासा."

बाळाबाईचा घास तोंडातच राहिला. "बघितलंस? आणि तरी बसलीस?"

"नाव फुटली असती तर आज न्हाय उद्या त्यास्नी कळलंच असतं. जित्ता सोडलं असतं का तुमास्नी?" शालू म्हणाली. "म्हणून बोलले मी तसं. हसतील हसतील आणि गप बसतील म्हटलं. फटीवर मीच बसलेवते, पदर ठासला असता. सगळं निभावलं हुतं की. मग तुमी वरडलासा कशाला?"

बाळाबाईनं डाव्या हातानं घास बाजूला सारला.

"तू बसलीवतीस की त्यात," ती म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली. शालूनं तिला रडू दिलं आणि दूध निवालं म्हणून परत चुलीवर ठेवलं.

मुतरी हे नाव आता घरात दोघींना लागू झालं. शालूला दिवस गेले, पोरगी झाली, त्या पोरीलाही पुढं शाळेत पोरं तेच म्हणाली. शालूनं कधी कुणाला खुलासा केला नाही. बाळाबाईनं मात्र जो भेटेल त्याला सांगितलं, ती कोरडी होती, पाप माझं होतं. लोक व्हय व्हय म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे.

पंचावन्न साली पाटलानं नववी नाव सांगितली. आकारामनं फासळ्या उभ्या केल्या, फळ्या भिडवल्या. फटी बुजवायची वेळ आली तेव्हा त्यानं मोगरी आणि पटाशी शालूच्या पुढं टाकली. तीच मोगरी.

शालूनं मोगरीकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवले. "मला येत न्हाय," ती म्हणाली.

"येत न्हाय? मागल्या नावेला निम्म्या फटी तूच भरलीस की!"

"मला येत न्हाय."

त्यानं मारलं. दुसऱ्या दिवशीही मारलं. तिसऱ्या दिवशी तिला पोरीसकट दाराबाहेर काढली, आणि बाळाबाई उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, वाकडा हात पदरात घेऊन. भाकरी करायला घरात कुणी उरलं नाही तेव्हा संध्याकाळी त्यानं दोघींना आत घेतलं. पण शालूचं उत्तर तेच. शेवटी बायकांचं काम तो स्वतः करायला बसला. दात खाऊन वाख ठासला. नाव पाण्यानं भरली, लाकूड फुगलं, आणि पाचव्या दिवशी तळाची फळी उचकटून बाहेर आली.

पाटलानं मग परगावाहून पत्र्याची नाव आणली. तिला फटी नव्हत्या, त्यामुळं तिच्यात कुणाची बायको बसवावी लागली नाही. आकारामची अर्धी नाव काठावर वाळत पडली आणि थोडी थोडी करून घरच्या चुलीत गेली. बाभळीच्या फासळ्या छान जळतात. त्या जाळावर शालू भाकरी भाजायची, मोडायची, आणि आधी घास बाळाबाईच्या तोंडात घालायची.

आता लोक सांगतात, पूल झाला म्हणून नांदरवाडातल्या लाकडी नावा बंद पडल्या. पूल झाला तो त्याच्यानंतर नऊ वर्षांनी.